स्प्रिंग बसवण्याची मजुरी दीड हजार रुपये : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ठाण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर गाड्यांच्या स्प्रिंगांविषयीचा एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा आशय असा : बाहेरच्या कंपनीच्या चार स्प्रिंगांचा संच स्वतः विकत आणावा, कोणत्याही गॅरेजमध्ये तो दोन तासांत आणि दीड हजार रुपयांत बसवून मिळतो, त्याहून अधिक मागणारा लुबाडतो आहे, टॉप माउंट (स्प्रिंगच्या वरच्या टोकाचा रबरी आधार), शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) ही बिल फुगवण्याची निमित्ते आहेत, गाडी नुसती खाली घ्यायची असेल तर स्प्रिंगचा एक वेढा कापला की काम फुकटात होते, आणि स्प्रिंग बाहेरून दिसत नसल्यामुळे आरटीओचा काही प्रश्नच येत नाही. ठाण्याच्या खड्डेमय घोडबंदर रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्याला हा मजकूर आवडावा यात नवल नाही. मी माझ्या आठ वर्षे जुन्या हॅचबॅकच्या चारही स्प्रिंगा बदलून घेतल्या तेव्हा स्प्रिंगांची किंमत वगळून ११,२०० रुपये लागले. त्यात मजुरी ४,५०० रुपये होती. उरलेली रक्कम माउंट, लिंक रॉड (वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या दांडीला सस्पेन्शनशी जोडणारा गज), बंप स्टॉप (चाक पार वर गेल्यावर धक्का झेलणारा मऊ ठोकळा) आणि अलाइनमेंट यांची होती. मजकुराच्या हिशेबाने मी सरळ सरळ फसलो. प्रत्यक्षात फसलो की नाही, हे मुद्द्यामुद्द्याने पाहता येईल.

पहिला मुद्दा दोन तास आणि दीड हजारांचा. बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांच्या पुढच्या चाकांपाशी मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपच्या दांड्याभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते आणि ती सुटी काढता येत नाही. आधी चाक, मग ब्रेकच्या नळीचा आणि एबीएसच्या तारेचा आधार, लिंक रॉड, खालचे दोन मोठे बोल्ट आणि शेवटी बॉनेटखालचे नट असे सगळे सोडवून अख्खा स्ट्रट बाहेर घ्यावा लागतो. काही गाड्यांत त्यासाठी वायपरखालचे प्लॅस्टिकचे आच्छादनही काढावे लागते. त्यानंतर स्प्रिंग क्लॅम्पमध्ये दाबून वरचा नट सोडवायचा असतो. हजार किलोच्या गाडीचा सुमारे साठ टक्के भार पुढे असतो असे धरले, तर पुढच्या प्रत्येक चाकावर तीनशे किलो येतात, आणि दाबलेली स्प्रिंग त्या तोलाचे बळ धरून असते. क्लॅम्प न लावता किंवा वाकड्या, झिजलेल्या क्लॅम्पवर तो नट सोडवणे जिवावर बेतू शकते. स्वस्त मजुरी सांगणाऱ्याकडे कोणता क्लॅम्प आहे, हे मी तरी पाहून घेईन.

यात आपल्याकडच्या हवेचा भाग वेगळाच. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे खाडीकाठची. दमट, खारट हवेत आठ पावसाळे काढलेल्या गाडीचे खालचे बोल्ट सहज फिरत नाहीत. माझ्या गाडीच्या दोन्ही लिंक रॉडचे नट फिरवू लागताच आतला गोळाच गरगर फिरू लागला आणि शेवटी ते ग्राइंडरने कापावे लागले. नव्या जोडीचे १,६०० रुपये आणि कापण्यात गेलेला पाऊण तास कोणत्याही आगाऊ अंदाजपत्रकात नव्हता. मजकूर लिहिणाऱ्याची गाडी कदाचित दोन वर्षांची असेल; तिचे दर सगळ्यांना लागू करण्यात चूक आहे.

मागच्या चाकांपुरता मात्र त्याला न्याय द्यायला हवा. ज्या गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम असतो, त्यांत बहुधा शॉकअप आणि स्प्रिंग वेगवेगळे बसवलेले असतात. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम खाली सोडला की स्प्रिंग हाताने बाहेर येते. क्लॅम्पचीही सहसा गरज पडत नाही. दोन्ही बाजू मिळून हे तासाभराचे काम आहे. तरीही अनेक गॅरेज चारही चाकांची मजुरी एकाच दराने लावतात. लुबाडणूक शोधायचीच असेल तर ती इथे सापडते, आणि नेमका हाच मुद्दा मजकुरात नाही. पुढच्या आणि मागच्या जोडीची मजुरी वेगळी लिहून मागावी. माझ्या गॅरेजने तसे मागितल्यावर मागच्या जोडीचे सातशे रुपये निमूटपणे कमी केले होते. जुन्या बिलांशी तुलना करणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के आहे.

दुसरा मुद्दा माउंट आणि शॉकअपचा. टॉप माउंट हे रबराचे असते आणि त्याखालचे बेअरिंग स्टिअरिंगबरोबर फिरते. स्ट्रट एकदा उघडला की हे भाग बदलण्यासाठी जवळजवळ वेगळी मजुरी लागत नाही. तेच सहा महिन्यांनी खडखडाट सुरू झाल्यावर बदलायचे ठरवले, तर क्लॅम्पपासूनची सगळी मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. शॉकअपचेही तसेच. दाबलेली स्प्रिंग उसळून परत येते तेव्हा तिला आवरण्याचे काम शॉकअपचे, आणि स्प्रिंग जितकी कडक तितके हे काम जड. सत्तर हजार किलोमीटर धावलेल्या, तेल गाळणाऱ्या शॉकअपवर कडक स्प्रिंग बसवली तर गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते, आणि दोष मात्र स्प्रिंगच्या कंपनीला दिला जातो. उलट शॉकअप चांगले असतील आणि स्प्रिंग मूळच्या जवळपासच्या कडकपणाची असेल, तर ते बदलण्याचा आग्रह धरणाऱ्या गॅरेजवाल्याला नकार द्यावा. मीही दिला.

वेढा कापण्याचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो आणि कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पाच वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग पंचवीस टक्के कडक होते. म्हणजे गाडी खाली येते, चाकाला हलायला जागा कमी उरते, आणि बंप स्टॉपवर आदळण्याचे प्रमाण वाढते. शिवाय कारखान्यात स्प्रिंगचे टोक बैठकीत नीट बसेल असे घडवलेले असते. कापलेले टोक तिथे फक्त एका कडेवर टेकते. चाक गतिरोधकावरून उतरताना किंवा जॅकवर लोंबताना आखूड स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. गॅसच्या ज्योतीने कापल्यास पोलादाला दिलेले पाणीही त्या जागी उतरते. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या घाटउतारावर हे सगळे एकत्र जुळून आले तर वाचवलेले पैसे मोजायला कोणाला सवड नसेल.

आरटीओविषयीचा दावा थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. मूळ मापाची स्प्रिंग बसवणे ही दुरुस्तीच झाली. गाडीची उंची ठळकपणे बदलणारी स्प्रिंग मात्र मूळ रचनेत बदल करते की नाही, यावर वाद घालता येतो. स्प्रिंग दिसत नाही हे त्यावरचे उत्तर नव्हे, कारण उंची दिसते. विमा कंपनीला असा बदल न कळवणे आणि वॉरंटीतल्या गाडीवर तो करणे, हे धोके वेगळेच.

राहता राहिला मुद्दा अलाइनमेंटचा. स्ट्रटचे खालचे बोल्ट सुटले आणि गाडीची उंची बदलली की टो, म्हणजे चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो, आणि टो चुकला की टायरची कड काही हजार किलोमीटरांत झिजते. एका टायरच्या किमतीपुढे आठशे रुपये किरकोळ आहेत. पण इथेही ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत. बऱ्याच हॅचबॅकमध्ये कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) जुळवण्याची सोयच नसते आणि मागचा बीम तर मुळीच हलत नाही, त्यामुळे चारही चाकांच्या ‘संपूर्ण’ अलाइनमेंटचे पैसे घेऊन प्रत्यक्षात पुढचा टो तेवढा फिरवला जातो. जुळवणीआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची छापील पट्टी मागावी. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी तपासून घ्यावा, कारण गाडीची पुढची आणि मागची उंची सारखी बदलली नसेल तर झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ शकतो. नव्या स्प्रिंगा थोड्या दबून खाली बसतात, म्हणून सहाशे किलोमीटरनंतर मी पुन्हा मोजणी करून घेतली. टो किंचित सरकला होता, आणि त्या दुसऱ्या फेरीचे चारशे रुपये वर सांगितलेल्या ११,२०० मध्ये धरलेले नाहीत.