सिसिलीच्या झेंड्यावरची मेदुसा

इटलीच्या सिसिली बेटाच्या झेंड्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्या झेंड्यावरचं मेदुसाचं (ग्रीक पुराणकथेतली, केसांच्या जागी साप असलेली राक्षसी) मुंडकं ‘शत्रूला घाबरवण्यासाठी’ आहे, एवढ्यावर तुम्ही थांबलात ते खटकलं. ग्रीक लोक हा चेहरा ढालींवर आणि देवळांवर लावत, तो अरिष्ट बाहेरच अडावं म्हणून. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं ना, काम साधारण तेच. ग्रीक वीर पर्सियसने मेदुसाचं डोकं उडवलं आणि ते अथीना देवीच्या कवचावर गेलं, म्हणजे मारलेली मेदुसाच पुढे राखणदार झाली! मला ही कथा फार हलवून जाते. सिसिलीतल्याच सेलिनुंते या प्राचीन ग्रीक नगरातल्या देवळाच्या एका शिल्पपट्टावर हा वध कोरलेला आहे. तो आज सिसिलीची राजधानी पालेर्मोच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यातली मेदुसा मरतानाही थेट आपल्याकडे बघते.

झेंड्यावर त्या मुंडक्याभोवतीचे तीन वाकलेले पाय म्हणजे बेटाची तीन टोकं, पेलोरो, पासेरो आणि लिलिबेओ, असं मानतात. त्रिनाक्रिया हे बेटाचं जुनं नावही त्याच तीन टोकांशी जोडलं जातं.

झेंड्यावरच्या गव्हाच्या ओंब्यांचा तर तुम्ही उल्लेखच केला नाही. हे बेट रोमचं धान्याचं कोठार होतं. शिवाय ते देमेतेरचं, म्हणजे ग्रीकांच्या धान्यदेवतेचं बेट. तिची लेक पर्सेफोनी हिला पाताळाचा देव हेडिस याने सिसिलीतल्या एन्ना गावाजवळच्या पेर्गुसा तळ्याकाठून पळवून नेलं, अशी कथा तिथे सांगतात. आजचा झेंडा 2000 साली अधिकृत झाला, पण त्याचा लाल-पिवळा रंग 1282 मध्ये सिसिलीत फ्रेंच राजवटीविरुद्ध झालेल्या उठावाची आठवण आहे. यावर एक स्वतंत्र लेख जरूर लिहा.