हुशारांचा वर्ग सुरक्षित कसा ठेवावा

मुख्याध्यापक महोदय, ‘दर्जेदार शिक्षण, सर्वांसाठी’ हा फलक आपण व्हरांड्यात लावलाच असेल. छान दिसतो. तो कुणी मनावर घेऊ नये, एवढीच काळजी घ्यायची आहे.

हुशारांची निवड शक्यतो पहिलीतच उरकून टाका. एकाच वर्गातलं जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं असतं, आणि सहा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे फार झालं. मोठ्याचं अक्षर सुबक, उत्तर चटकन. त्याला अ तुकडीत बसवा. पुढची चार वर्षं अवघड गणितं त्यालाच मिळाली की तो खरोखरच पुढे जातो आणि आपली पारख अचूक होती हेही सिद्ध होतं.

मग शिष्यवृत्तीचा जादा तास. ‘सर्वांसाठी खुला’ असं सूचनाफलकावर ठळक लिहा. वेळ मात्र वाडीवर जाणारी शेवटची एसटी सुटल्यानंतरची ठेवा. परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, दीड तास. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. एवढ्यात विचार करत बसणारं पोर गोल रंगवायचं राहून जातं, तेव्हा विचाराची सवय लागू देऊ नका. दुसऱ्या पेपरात ५० प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात, पण घाबरू नका, त्यांचे साचे ठरलेले आहेत. साचे घोटून घेतले की बुद्धीवाचून निभावतं. (२०१६-१७ पासून काही वर्षं ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली, आणि चौथीपर्यंतच वर्ग असलेल्या जिल्हा परिषद शाळांतली मुलं आपोआप बाहेर राहिली. इतकी नेटकी व्यवस्था आपल्याला एकट्यानं जमणार नाही, पण आदर्श म्हणून डोळ्यांपुढे असावी.)

ड तुकडीसाठी एकच वाक्य पुरतं: ‘आधी पाया पक्का होऊ दे.’ पाढे, शुद्धलेखन, पुन्हा पाढे. पाया कधी पक्का झाला हे ठरवणार आपणच, त्यामुळे तो दहावीपर्यंत ओला ठेवता येतो.

खरा धोका वेगळाच आहे. पाचवीच्या पुस्तकात परिमिती आणि क्षेत्रफळ येतं, तेव्हा ‘लांबी ८ सेमी, रुंदी ४ सेमी, परिमिती किती?’ एवढंच विचारा. उत्तर २४, पुढचं गणित. चुकूनही उलटं विचारू नका: ‘परिमिती २४ सेमी असलेले, बाजू पूर्ण सेमीत असलेले किती आयत काढता येतील?’ हा प्रश्न दिसायला गरीब, पण वर्ग हाताबाहेर जातो. ज्याला काहीच येत नाही तोही चौकटीच्या वहीत एक आयत काढून मोकळा होतो. मग शेजारचा दुसरा काढतो. ११ बाय १, १० बाय २, असं करत ६ बाय ६ पर्यंत सहा आयत सापडतात. शेवटचा चौरस, तो आयत म्हणायचा की नाही यावर भांडण. कुणीतरी क्षेत्रफळं मांडतं: ११, २०, २७, ३२, ३५, ३६. गुणाकार कच्चा असलेलं पोर न सांगता सहा गुणाकार करून बसतं, म्हणजे आपला ‘पाया’ही हातचा गेला. आणि मग मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘बाई, वाढ ९, ७, ५, ३, १ अशी कमी होतेय!’ आता ‘का?’ हा प्रश्न उरतो आणि तो अ तुकडीलाही चटकन सुटत नाही. एकाच प्रश्नात वर्गातल्या सगळ्यांना काम मिळालं, तर तुकड्या कशाच्या जोरावर पाडणार?

तरीही एखाद्या बाईंनी हा प्रश्न दिलाच, तर त्यांना तिसऱ्या मिनिटाला उत्तर फळ्यावर लिहायला सांगा. अवघड प्रश्न मारण्याचा हाच खात्रीचा उपाय. दुसरा उपाय, प्रत्येक गटात एक ‘हुशार’ बसवा. तो सोडवेल, बाकीचे उतरवून घेतील.

शाळेला अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघाव्यात म्हणून सरकारी योजनेतून मिळणारी प्रयोगशाळा) मिळाली असेल तर कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. पावसाळ्यात थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट, म्हणजे त्यात घालायची प्लास्टिकची तार, उघडं राहिलं की दमट होऊन ठिसूळ होतं आणि मध्येच तुटतं. मग ‘मशीन बंद आहे’ हे खोटंही ठरत नाही.

एवढं करूनही बाई ऐकत नसतील तर त्यांच्याकडे पोषण आहाराची नोंदवही द्या. पहिली ते पाचवी माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५० ग्रॅम, रोजची हजेरी, शिल्लक साठा, महिन्याचा ताळेबंद. हा हिशोब बाई मुलांना करायला देणार नाहीत, यावर मात्र लक्ष ठेवा. ड तुकडी तो बिनचूक करून टाकेल, आणि मग साठ्याबद्दल प्रश्न विचारील.