वर्षश्राद्ध झालं की फोटो उतरवायचा?

कोल्हापुरातल्या घरगुती आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: मूल गेलेल्या आईवडिलांनी वर्षभरात सावरायलाच हवं. वर्षश्राद्ध झालं की त्याच्या वस्तू वाटून टाका, फोटो उतरवा, घरात त्याचं नाव काढू नका. जमलं तर दुसरं मूल होऊ द्या. त्याच्या नावानं समाजकार्य उभं करा, जगण्याचा अर्थ त्यातच सापडतो.

पाठवणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ज्या घरात हा मेसेज पोहोचतो तिथे तो जखम करतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वर्षाची मुदत. वर्षश्राद्ध हा विधी आहे, दुःखाची अंतिम तारीख नव्हे. मानसोपचारात 'प्रदीर्घ शोक' नावाचं निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये त्यासाठी किमान 6 महिने आणि अमेरिकेतल्या 2022 च्या निकषांत मोठ्या माणसांसाठी किमान 12 महिने दिले आहेत. याचा अर्थ, त्याआधी हे निदान करूच नये. त्यानंतर दुःख उरलं तर तो आजार, असा अर्थ होत नाही. दुःखानं रोजचं जगणंच मोडून पडलं असेल, तरच ते निदान लागू होतं. पुष्कळांना दुसरं वर्ष जास्त जड जातं. पहिल्या वर्षी माणसं येतात, डबे येतात, दुखवट्याचे सण सगळे मिळून काढतात. दुसऱ्या वर्षी घर रिकामं असतं आणि सगळ्यांना वाटतं, आता ठीक असेल. दुःखाच्या 'पाच पायऱ्या' (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) या मेसेजला बऱ्याचदा जोडलेल्या असतात. त्या 1969 साली मांडल्या गेल्या त्या स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांवरून, मूल गमावलेल्यांवरून नव्हे.

नाव काढू नका, नातं तोडा, हा सल्ला सर्वांत घातक. दुःख संपायचं तर मन गेलेल्यातून काढून घ्यावं लागतं, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं 1917 मध्ये लिहिलं. 1920 मध्ये त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएंझानं गेली. 1929 मध्ये, मुलगा गमावलेल्या मित्राला त्यानं पत्रात कळवलं की ही जागा कधीच भरत नाही, आणि ते तसंच असायला हवं, कारण प्रेम चालू ठेवण्याचा तोच मार्ग आहे. पुढे 1996 मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी 'टिकून राहणारे बंध' ही कल्पना मांडली: गेलेल्याशी नातं तुटत नाही, वेगळ्या रूपात चालू राहतं. क्लास यांचा अभ्यास मूल गमावलेल्या आईवडिलांचाच होता. मूल नाही हे पुरतं ठाऊक असूनही आई त्याच्याशी मनात बोलते. तिला वेड लागलेलं नसतं.

आता वस्तू. घाई करून कपाट रिकामं करणारे बहुधा नातेवाईक असतात, आणि नंतर त्यांना दोष देण्यावाचून आईवडिलांच्या हाती काही उरत नाही. तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, नंतर ठरवू. तिसरा सगळ्यात मोठा असू द्या. खोक्यावर तारीख घालून ते बंद करा, सहा महिन्यांनी आईवडिलांनीच उघडावं. दोन-तीन कपडे न धुता, कोरडे, झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका, त्या वासानं मुलाचा वास जातो. मूल मोठं असेल तर फोन ही सर्वांत नाजूक वस्तू. 90 दिवस वापर नसला तर कंपनी नंबर बंद करून दुसऱ्याला देऊ शकते. साधारण 120 दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं पुसलं जातं. मग एके दिवशी मुलाच्या नावापुढे अनोळखी चेहरा दिसतो. रिचार्ज चालू ठेवा, फोटो आणि व्हॉइस नोट दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. हे काम मामानं, चुलत भावानं करावं. मृत्यूची नोंद (21 दिवसांच्या आत) आणि रेशन कार्डावरून नाव कमी करणं हेही त्यांनीच.

तान्ह्या बाळाला बहुधा पुरतात. आपल्याकडचं तिसऱ्या दिवसाचं रक्षाविसर्जन, दहावा यातलं त्याच्यासाठी काही होत नाही. पोटातच गेलेल्या बाळाचं तर तोंडही 'बघू नको' म्हणतात. आईला विचारा. तिला हवं असेल तर बाळ हातात द्या, पावलाचा ठसा घ्या, नाव ठेवा. ही संधी पुन्हा येत नाही.

दुसरं मूल हवं की नको, हा त्या जोडप्याचा प्रश्न आहे. पण गेलेल्याच्या जागी आणलेल्या बाळावर केवढं ओझं पडतं, याकडे 1964 पासून मानसोपचारतज्ज्ञ लक्ष वेधत आलेत. नव्या बाळाला गेलेल्याचंच नाव तर अजिबात ठेवू नका.

उरला समाजकार्याचा मुद्दा. त्यासाठी इथे शाहू महाराजांचं उदाहरण देतात. त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी 1918 मध्ये शिकारीच्या अपघातात गेला हे खरं. पण 50 टक्के राखीव जागा 1902 च्या आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1917 चं. महाराजांचं कार्य दुःखातून जन्मलेलं नाही. त्या मृत्यूनंतर त्यांनी केलेली गोष्ट घरातली होती: रूढी बाजूला सारून विधवा झालेल्या लहान सून इंदुमतीदेवींना कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं.

मूल गमावलेल्या 156 पालकांचा एक अमेरिकी अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 45 टक्क्यांना मृत्यूचा काहीही अर्थ लावता आला नव्हता. अर्थ सापडला तर आधार मिळतो, पण तो सापडलाच पाहिजे असं बंधन घातलं की न सापडलेली आई स्वतःला नापास समजते. म्हणून ट्रस्ट पहिल्या वर्षी नकोच. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण यांत दमछाक होते आणि तो बंद पडला की मूल दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं. लहान करा, मोडता येईल असं करा. वाढदिवसाला पंचगंगा स्मशानभूमीसाठी शेणी (गोवऱ्या) द्या. शेतात रक्षा घालून झाड लावलं असेल तर जवळ दुसरंही लावा, एक वाळलं तर धक्का कमी बसतो. शाळेत बक्षीस ठेवायचं तर 25,000 रुपयांच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी वर्षाला 1,750 रुपये येतात, तेवढे पुरतात. फक्त मंचावर बोलायला लावू नका, असं आधीच सांगून ठेवा.

'त्याच्याकडे जावंसं वाटतं' हे अनेक जण म्हणतात. ऐकलं की सरळ विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं विचार रुजत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं, तणनाशकं त्याच दिवशी हलवा, 14416 या टेलिमानसवर (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) फोन करा किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. बाप गप्प राहून कामावर जातो, दारू वाढते, तिकडेही तितकंच लक्ष हवं.

आणि लग्नकार्यात हमखास येणारा प्रश्न: 'मुलं किती तुम्हाला?' दोन उत्तरं आधीच ठरवून ठेवावीत. अनोळखी माणसाला 'एक', जवळच्याला 'दोन, मोठा गेला'. दोन्ही खरी आहेत. ऐकणाऱ्यानं विषय बदलू नये. 'नाव काय त्याचं?' विचारावं, आणि सांगतील तेवढं ऐकावं.