अटलांटिक सगळ्यात आधी लिंडबर्गने ओलांडला? नाही हो!

परत तोच फॉरवर्ड आलाय. "१९२७ साली चार्ल्स लिंडबर्गने विमानाने अटलांटिक पहिल्यांदा ओलांडला, त्याआधी कुणाची हिंमतच झाली नव्हती, ब्रिटिश वैमानिक अल्कॉक-ब्राऊन बेटावर थांबत गेले म्हणून ते धरत नाहीत." तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी बेटाचं बघू. बेटावर थांबलं ते अमेरिकन नेव्हीचं एनसी-४ हे विमान, मे १९१९ मध्ये, कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडहून अझोर्स बेटं आणि तिथून लिस्बन. अल्कॉक आणि ब्राऊन कुठेच थांबले नाहीत. १४ जून १९१९ ला न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून निघाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी थेट आयर्लंडला क्लिफडेनजवळ, १६ तासांच्या आत, तीन हजार किलोमीटर! आणि कसे, तर उघड्या कॉकपिटमध्ये बसून, वायरलेस निघाल्यावर थोड्याच वेळात बंद पडलेला, वर धुकं इतकं की दिशा सांगणाऱ्या ब्राऊनला सूर्य-तारे दिसेनात, मग दिशा मोजायची कशी? एकदा तर दाट ढगात तोल गेला, विमान गरगरत खाली आलं, ढगातून बाहेर पडले तेव्हा समुद्र अगदी खाली आणि तोही तिरपा उभा दिसतोय. अल्कॉकने सावरलं, मग होकायंत्र बघितलं तर तोंड परत अमेरिकेकडे! शेवटी हिरवं सपाट मैदान समजून उतरले ती निघाली दलदल, विमानाचं नाकच रुतलं, पण दोघंही धडधाकट.

हिंमत नव्हती म्हणणाऱ्यांनी हॉकर आणि मॅकेन्झी-ग्रीव्ह या वैमानिकांचंही वाचावं, ते अल्कॉक-ब्राऊनच्या महिनाभर आधी निघाले होते आणि इंजिन तापल्यामुळे भर समुद्रात उतरले, एका मालवाहू बोटीने वाचवलं. शिवाय जुलै १९१९ मध्ये आर-३४ हे ब्रिटिश एअरशिप (हलका वायू भरलेलं, इंजिनावर चालणारं हवाई जहाज) तीसएक माणसं घेऊन स्कॉटलंडहून न्यूयॉर्कजवळ गेलं आणि परतही आलं.

लिंडबर्गचं कर्तृत्व मोठंच आहे, पण ते वेगळं आहे, तो एकटा होता आणि न्यूयॉर्क ते पॅरिस, जवळपास ५८०० किमी, साडेतेहतीस तास न झोपता. "एकट्याने पहिला" असं लिहा ना, मग कुणाची हरकत नाही, तो "एकट्याने" शब्द गाळला की सगळा घोळ होतो.

अल्कॉक तर नंतर फार दिवस जगलाही नाही, १९१९च्याच डिसेंबरमध्ये पॅरिसला विमान घेऊन जाताना फ्रान्समध्ये धुक्यात कोसळून गेला, वय फक्त २७.