पीक : फ्लॉवर

बिल अजून फ्रिजच्या दारावर आहे. मी नाही लावलं, बायकोनं लावलंय. नावापुढे माझं आडनाव, खाली 'पीक : फ्लॉवर', त्याखाली 'क्षेत्र : 1 गुंठा'. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मे महिन्यात महाबळेश्वरहून हायड्रेंजियाची कुंडी आणली. साडेचारशे रुपये. निळ्या फुलांचा हा एवढा गेंद. नर्सरीवाला म्हणाला, "पुण्यात आरामात येतं, काही करावं लागत नाही." जुलैत खालच्या पानांवर ठिपके आले. मधे राखाडी, कडेला जांभळट तपकिरी, जणू कुणी अगरबत्ती टेकवत गेलंय. नर्सरीवाल्याला फोन केला. म्हणाला, "पाणी जास्त झालं असेल." मग थोडं थांबून, "किंवा कमी." फॅमिली ग्रुपवर ताक, हळद आणि दूध असे तीन उपाय आले. तिन्ही केले. झाडाला लस्सीचा वास येऊ लागला, ठिपके वाढले.

म्हणून शनिवारी दोन पानं काजूच्या रिकाम्या पाकिटात घालून मार्केट यार्डाकडच्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो.

"बोला साहेब, पीक कोणतं?"

"हायड्रेंजिया."

"हरभरा? आत्ता?"

"नाही हो, फुलझाड आहे. फ्लॉवर."

"मग फ्लॉवर म्हणा की. क्षेत्र?"

"एक कुंडी."

"एक गुंठा," असं पुटपुटत त्यानं लिहूनही टाकलं. दुकानात औषधांचा असा उग्र दर्प होता की दुरुस्ती करायला तोंड उघडावंसं वाटेना.

तेवढ्यात युरियाच्या गोणीवर बसलेल्या मामांनी हात पुढे केला. टोपी, पायजमा, पुरंदरकडचे अंजीरवाले. पान त्यांनी उजेडाला धरलं, उलटं केलं, अंगठ्यानं चोळलं, अंगठा निरखला. "हे फ्लॉवरचं पान नाही," ते म्हणाले. मला एवढं हायसं वाटलं! पण पुढे, "वांग्याचंबी नाही." मग माझं पान दुकानभर फिरलं. एकजण म्हणाला तांबेरा. मामा उखडले. "तांबेरा चोळला की बोटाला पावडर लागती. माझ्या अंजिरावर बघायला ये. हा करपा." आणि माझ्याकडे वळून, "खालची पानं आधी गेली?"

"हो."

"पाणी वरनं घालता?"

"झारीनं," मी म्हणालो. झारी नवीन आहे, चांगली आहे.

"कधी?"

"संध्याकाळी. ऑफिसातून आल्यावर."

"म्हणजे रातभर पान वलं. बुरशीला जेवायला बोलवायचं आन मग हितं औषध मागायचं." अख्खं दुकान हसलं. मालकही. मी मॅनेजर आहे हो, माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत.

मामांची चौकशी संपेना. "फळ काय धरतं?"

"फळ नाही. नुसतं फूल."

"फुलाला काय भाव?"

"विकत नाही."

"वास?"

"वास नसतो."

"देवाला?"

"नाही वाहत आम्ही."

"भाजी होती?"

"छे, विषारी असतं. पण माती आंबट असली की फूल निळं येतं," मी घाईघाईनं सांगितलं, "नाहीतर गुलाबी."

मामांनी पान अलगद काजूच्या पाकिटात परत ठेवलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मग लागला करपा तर लागू द्या की."

याला उत्तर आहे. मला ते रविवारी रात्री सुचलं.

मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचं दुकानातलं सगळ्यात लहान पाकीट अर्धा किलोचं. लिटरला दोन ग्रॅम; माझ्या झाडाला एका वेळी अर्धा लिटर फवारा पुष्कळ. म्हणजे एक ग्रॅम. दहा दिवसांनी एकदा मारलं तर पाकीट पावणेचौदा वर्षं पुरेल. वापरायची मुदत दोन वर्षं. वीस ग्रॅमची पुडी का काढत नाही कुणी? नर्सरीत झाड मिळतं, औषध मिळत नाही. इथं औषध मिळतं ते शेताच्या मापानं. कुंडीवाला माणूस कुणाच्याच वहीत नाही. असलाच तर एक गुंठा.

"त्यापरीस मोरचूद नि चुना मारा," मामा म्हणाले. म्हणजे बोर्डो मिश्रण. हे मला माहीत होतं, म्हणून सांगून टाकलं, की फ्रान्समध्ये बोर्डोकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या द्राक्षांवर हे निळं शिंपडायचे, चोरांनी खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर बुरशी कमी आहे, आणि 1885 मध्ये त्यानं औषध म्हणून ते जाहीर केलं. मामांना यातलं एकच पटलं. "चोर तिकडंबी हायेत तर."

मग त्यांचं बिल झालं. आकडा मी चोरून पाहिला आणि माझे साडेचारशे रुपये मला एकदम लहान वाटायला लागले. खिशातून घडी काढून त्यांनी काही नोटा मोजल्या, दोन परत आत ठेवल्या. "बाकीचं अंजीर निघाल्यावर." मालकानं मान वर न करता वहीत लिहिलं. जाताना मामा मला म्हणाले, "डाग पडलेली पानं तोडून टाका, बुडाशी सांडलेली उचला. औषधानं जुना डाग पुसत नाही, नवी पानं वाचतात. आन पाणी बुडात, सकाळच्याला." एवढं मला नर्सरीवाल्यानं साडेचारशे घेताना का नाही सांगितलं?

तोंडाला रुमाल बांधून फवारलं. आता नवी तीन पानं स्वच्छ आहेत. चारशे नव्याण्णव ग्रॅम औषध बाल्कनीच्या कपाटात कुलपाखाली आहे, आणि ज्यावर तो एक ग्रॅम तोलला तो वजनकाटाही तिथंच. स्वयंपाकघरात त्याला प्रवेशबंदी आहे. बिल फ्रिजवर आलं ते त्यावरूनच.

काल आईचा फोन आला. "फ्लॉवर लावलायस म्हणे. गड्डा धरला की एक पाठव."