साम्यवादानंतर लोकशाही रुजत नाही? मंगोलियाकडे पाहा

साम्यवादी राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांविषयी एक मांडणी समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवली जाते. तिचा सारांश असा: ज्या समाजाने लोकशाही कधी पाहिलीच नाही तिथे ती रुजत नाही, पूर्व युरोपातल्या काही देशांत ती टिकली, ती युरोपीय संघाने हात धरला म्हणून, जुना पक्ष मुळासकट उखडला नाही तर तो परत येतो आणि सगळे पुन्हा ताब्यात घेतो, आणि म्हणून गरीब देशाने आधी खंबीर नेत्याच्या हाती कारभार सोपवावा, मतपेटीचे नंतर पाहावे. दाखले म्हणून रशिया, बेलारूस, कझाकस्तान यांची नावे येतात. मंगोलियाचे नाव येत नाही, आणि ते वगळल्यावरच ही मांडणी उभी राहते, असे माझे म्हणणे आहे.

पहिला मुद्दा परंपरेचा. सोव्हिएत संघानंतर साम्यवादी झालेला मंगोलिया हा दुसरा देश. १९२१ मध्ये क्रांती झाली, १९२४ मध्ये प्रजासत्ताक घोषित झाले आणि १९३७ ते १९३९ या काळातल्या दडपशाहीत हजारो भिक्षू मारले गेले, देशातले बहुतेक सगळे मठ जमीनदोस्त झाले. पोलंडमध्ये चर्च होते, स्वतंत्र कामगार संघटना होती. मंगोलियात १९८९ साली यातले काहीच शिल्लक नव्हते. म्हणजे परंपरेच्या निकषावर हा देश पोलंडच्या कितीतरी मागे होता. तरीही १० डिसेंबर १९८९ रोजी, मानवी हक्क दिनी, राजधानी उलानबातरमध्ये सुमारे दोनशे माणसे उघडपणे जमली आणि त्यांनी अनेक पक्षांच्या निवडणुकांची मागणी केली. पुढच्या थंडीभर ही गर्दी वाढत गेली. सभेतले वातावरण तापले तेव्हा सांजासुरेंगीन झोरिग हा तरुण अध्यापक सहकाऱ्याच्या खांद्यावर बसला आणि हातातल्या भोंग्यातून लोकांना शांत राहण्याची विनंती करू लागला. त्याचे ते छायाचित्र आजही त्या देशात त्या दिवसांची खूण म्हणून ओळखले जाते.

७ मार्च १९९० रोजी दहा जण सुखबातर चौकात उपोषणाला बसले. मार्चमध्ये उलानबातरला वसंत नसतो. रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो. अंगात जाड लोकरी अंगरखे, खाली गोठलेली फरशी आणि समोर सरकारी प्रासाद, अशी ती जागा. आत पॉलिट ब्यूरोपुढे, म्हणजे सत्ताधारी साम्यवादी पक्षाच्या सर्वोच्च मंडळापुढे, प्रश्न एकच होता, बळ वापरायचे की नाही. पक्षाचे सरचिटणीस जाम्बिन बातमोंख यांनी बळाचा वापर नाकारला आणि ९ मार्चला संपूर्ण पॉलिट ब्यूरोने राजीनामा दिला. चौकातल्या दहा जणांइतकेच श्रेय मी बातमोंख यांना देतो. ज्या माणसाच्या हाती सैन्य आहे त्याने ते न वापरण्याचा निर्णय घेणे हीसुद्धा लोकशाहीची पायाभरणी असते, आणि ती कोणत्याही परंपरेच्या शिदोरीवर अवलंबून नव्हती.

दुसरा मुद्दा युरोपीय संघाचा. मंगोलियाच्या सीमा फक्त दोन देशांना लागतात, रशिया आणि चीन. उपोषणाच्या नऊच महिने आधी, जून १९८९ मध्ये, बीजिंगमध्ये आंदोलकांवर रणगाडे घातले गेले होते. सदस्यत्वाचे आमिष दाखवणारा शेजारी या देशाला नव्हताच. जपान आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांकडून मदत आली हे खरे, पण त्या मदतीच्या अटी मुख्यत: बाजारव्यवस्थेच्या होत्या, आणि तशी मदत मध्य आशियातल्या हुकूमशाही सरकारांनाही मिळाली. उलट बाजूने पाहिले तर २००४ मध्ये युरोपीय संघात गेलेल्या हंगेरीत २०१० नंतर राज्यघटना, न्यायालये आणि प्रसारमाध्यमे एकाच पक्षाच्या सोयीने बदलली गेली आणि २०२२ मध्ये युरोपीय संसदेलाच त्या देशाला पूर्ण लोकशाही मानता येत नाही असा ठराव करावा लागला. बाहेरचा आधार उपयोगी असतो. तो असला की काम झाले आणि नसला की अशक्य झाले, हे दोन्ही चूक आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो ऐकायला न्याय्य वाटतो. ज्यांनी सत्तर वर्षे अत्याचार केले त्यांना राजकारणातून कायमचे बाहेर काढा, ही भावना समजण्यासारखी आहे. मंगोलियाने तसे केले नाही. जुलै १९९० च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत जुन्या जनक्रांतिकारी पक्षाने मोठ्या सभागृहातल्या ४३० पैकी ३५७ जागा जिंकल्या. मांडणीच्या लेखकांच्या मते येथेच कहाणी संपायला हवी होती. झाले असे की कायमस्वरूपी बसणाऱ्या ५० जणांच्या छोट्या सभागृहातल्या जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या गेल्या, तिथे विरोधकांना १९ जागा मिळाल्या, आणि त्या सभागृहाचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या गोंचिगदोर्ज यांच्याकडे गेले. जानेवारी १९९२ ची राज्यघटना याच व्यवस्थेतून, दोन्ही बाजूंच्या वादातून तयार झाली. हरलेल्या बाजूला स्वत:ची अक्षरे दिसतील अशी ती घटना होती, आणि तिच्या टिकाऊपणाचे कारण मी येथे शोधतो.

पुढचा क्रम तर प्रत्येकाने डोळ्यांखालून घालावा असा आहे. १९९२ च्या निवडणुकीत जुना पक्ष प्रचंड बहुमताने आला. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओचिरबात यांना त्यांच्याच पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा ते विरोधकांच्या वतीने उभे राहिले आणि जिंकले. १९९६ मध्ये लोकशाहीवादी आघाडीने नव्या घटनेच्या संसदेतल्या ७६ पैकी ५० जागा मिळवल्या आणि पंचाहत्तर वर्षे सत्तेत असलेला पक्ष खुर्च्या सोडून विरोधी बाकांवर गेला. सैन्य हलले नाही, फेरमोजणीच्या नावाखाली निकाल रोखला गेला नाही. चार वर्षांनी तोच पक्ष ७६ पैकी ७२ जागा घेऊन परतला. तो परत आला म्हणून सगळे ताब्यात गेले काय? नाही. २००४ मध्ये मतदारांनी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या जागा दिल्या आणि त्यांना एकत्र सरकार चालवावे लागले. जुन्या पक्षाला बंदी घातली असती तर त्याच्या लाखो मतदारांना कोणत्या दाराने आत येता आले असते, या प्रश्नाचे उत्तर ती मांडणी देत नाही. परत येण्याची वाट उघडी आहे असे दिसते तेव्हाच माणूस हार पत्करतो.

हा प्रवास रक्तहीन होता असे मी म्हणणार नाही. २ ऑक्टोबर १९९८ रोजी झोरिग यांचा, पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव पुढे आलेले असताना, राहत्या घरी खून झाला. अनेक वर्षांनी बंद दाराआड खटला चालवून शिक्षा दिल्या गेल्या आणि त्याने कोणाचेच समाधान झाले नाही. १ जुलै २००८ रोजी निवडणुकीत फसवणूक झाल्याच्या आरोपावरून उलानबातर पेटले, सत्ताधारी पक्षाचे मुख्यालय जाळले गेले, पाच जणांचा जीव गेला आणि चार दिवसांची आणीबाणी लागली. ती चौथ्या दिवशी संपली. अकरा महिन्यांच्या आत, मे २००९ मध्ये, विरोधी पक्षाचे एल्बेगदोर्ज राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले आणि पदावर असलेल्या एन्खबायार यांनी पराभव मान्य केला. ज्या देशात संस्था केवळ नावाच्या असतात तिथे २००८ नंतर २००९ येत नाही.

राहिला खंबीर नेत्याचा मुद्दा. सोव्हिएत मदत बंद झाल्यावर मंगोलियाची अवस्था फार वाईट होती. १९९१ मध्ये राजधानीत अन्नधान्य रेशनवर मिळू लागले. जवळच्या कझाकस्तानकडे तेल होते आणि १९९१ पासून २०१९ पर्यंत नझरबायेव हे एकच राष्ट्राध्यक्ष होते. तुर्कमेनिस्तानकडे नैसर्गिक वायू होता आणि तिथले नियाझोव १९९९ मध्ये तहहयात अध्यक्ष झाले. मंगोलियाच्या घटनेने राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून निवडला, पण सरकार संसदेला जबाबदार ठेवले, त्यामुळे सगळ्या किल्ल्या एका कनवटीला लागल्या नाहीत. खंबीरपणाने स्थैर्य येते म्हणणाऱ्यांनी कझाकस्तानचा जानेवारी २०२२ आठवावा: इंधनाच्या दरवाढीवरून सुरू झालेल्या आंदोलनात सरकारी आकड्यांप्रमाणेच दोनशेहून अधिक माणसे मेली आणि व्यवस्था सावरायला रशियाच्या नेतृत्वाखालचे सैन्य बोलवावे लागले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उलानबातरच्या कडाक्याच्या थंडीत हजारो लोक कोळशाच्या चोरीचा जाब विचारायला त्याच सुखबातर चौकात उभे होते. सरकारी खाणीतला कोळसा बेहिशेबी सीमेपार गेला होता. तिथे बाहेरचे सैन्य बोलवावे लागले नाही.

एक आक्षेप मला प्रामाणिक वाटतो: मंगोलियाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, एकजिनसी समाज, त्याचे उदाहरण किती ताणायचे? क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पाचपट, वस्ती विरळ, आणि मेंढपाळ सतत फिरते, त्यामुळे निवडणूक घेणे तिथे सोपे काम नाही हे आधी मान्य करावे. शिवाय तुर्कमेनिस्तानही लहानच आहे. लहान असण्याने लोकशाही आपोआप येत नाही, आणि मंगोलियाचे प्रत्येक पाऊल सगळीकडे जसेच्या तसे चालेल असा माझा दावाही नाही. एकसुद्धा ठळक अपवाद असताना नियम सांगू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

भ्रष्टाचार तिथे आहे, खाणींचा पैसा थोड्यांच्या हाती आहे, आणि लोकांचा राग खरा आहे. मे २०२५ मध्ये पंतप्रधान ओयुन-एर्देने यांच्या मुलाच्या उंची राहणीची छायाचित्रे बाहेर आली, तरुण पुन्हा चौकात जमले आणि पैसा कुठून आला ते सांगा, असे विचारू लागले. ३ जूनला संसदेत विश्वासदर्शक ठराव मांडला गेला. तोवर १२६ सदस्यांच्या झालेल्या संसदेत ६४ मते हवी होती, ४४ पडली, आणि पंतप्रधान पायउतार झाले.