दोन दारे उरली म्हणून शक्यता निम्मी होत नाही

अमेरिकी टीव्हीवरचे सूत्रसंचालक मॉन्टी हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोड्याविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. कोडे असे: तीन बंद दारांपैकी एकामागे बक्षीस आहे. आपण एक दार निवडतो. बक्षीस कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्या दोहोंपैकी एक रिकामे दार दरवेळी उघडून दाखवतो आणि निवड बदलायची का, असे विचारतो. दावा करणाऱ्यांचे म्हणणे असे की, आता दोनच दारे उरल्याने शक्यता निम्मी-निम्मी होते, बदलण्यात फायदा आहे हा शब्दांचा खेळ आहे, तज्ज्ञांतही एकमत नाही, आणि एकदाच खेळणाऱ्याला सरासरीचा काय उपयोग? यातला एकही मुद्दा टिकत नाही.

पर्याय दोन आहेत एवढ्यावरून ते समान शक्यतेचे ठरत नाहीत. हा खेळ 300 वेळा खेळला, तर साधारण 100 वेळा आपले पहिले दार बरोबर निघेल आणि 200 वेळा चूक. त्या 200 खेळांत सूत्रसंचालकाचे हात बांधलेले असतात: एक दार आपण धरलेले, दुसऱ्यामागे बक्षीस, म्हणून त्याला तिसरेच उघडावे लागते आणि न उघडलेल्या दारामागे बक्षीस राहते. बदलणारा सुमारे 200 वेळा जिंकतो, न बदलणारा 100 वेळा. ही सरळ मोजणी आहे. तिच्यात शब्दांची कसरत नाही.

मग सहजबुद्धी का चुकते? कारण ती समोरची दारे मोजते, दार कोणत्या नियमाने उघडले हे मोजत नाही. समजा, सूत्रसंचालकाला काहीच ठाऊक नाही आणि तो उरलेल्यांपैकी कोणतेही दार अंदाजाने उघडतो. आता त्या 200 खेळांपैकी सुमारे 100 खेळांत बक्षीसच उघडे पडेल; ते बाद केले की दोन्ही बाजूंना 100-100 उरतात, आणि शक्यता खरोखरच निम्मी होते. डोळ्यांपुढचे दृश्य दोन्ही खेळांत तंतोतंत सारखे असते, म्हणूनच इथे चुकणाऱ्याला मंदबुद्धी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तज्ज्ञांचे म्हणाल, तर संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी 1975 मध्येच हे कोडे उत्तरासह मांडले होते. 1990 मध्ये अमेरिकी स्तंभलेखिका मॅरिलिन व्हॉस सावंत यांनी आपल्या सदरात तेच उत्तर दिले, तेव्हा त्यांना सुमारे 10,000 पत्रे आली. बहुतेकांनी त्यांनाच चूक ठरवले, आणि त्यांत पीएच.डी.धारक शेकड्यांनी होते. पॉल एर्डिश यांच्यासारख्या गणितज्ञालाही संगणकावर खेळ पुन्हा पुन्हा चालवून दाखवल्यावरच उत्तर पटले. पण ही चूक आणि तिची दुरुस्ती यांची हकिगत आहे. वरील नियम मान्य केल्यावर उत्तराविषयी मतभेद उरत नाही.

एकदाच खेळण्याच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. फासा एकदाच पडणार असला, तरी सहा पडण्यावर आणि सहा सोडून काहीही पडण्यावर सारखीच पैज कोणी लावणार नाही.

तरीही पटत नसेल, तर तीन पत्ते घ्यावेत, एक एक्का आणि दोन साधे, आणि स्वतः सूत्रसंचालक होऊन समोरच्याला निवडायला लावावे. पाच-सहा डाव होईतो जाणवू लागते की, बहुतेक वेळा कोणता पत्ता उघडायचा हे आपल्या हाती नसते; एक्का वाचवण्यासाठी एकच पत्ता उघडता येतो, आणि जो झाकलेला राहतो तोच एक्का असतो.